पहिली जेटस्की घेताना: नवी स्वस्त की जुनी मोठी?

सरोवरप्रेमी | ११ ऑगस्ट

नमस्कार. आम्ही मिशिगनमध्ये नोवाय येथे राहतो. घरात आम्ही दोघे, चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. गेले तीन उन्हाळे आम्ही जेटस्की भाड्याने घेऊन आसपासच्या तळ्यांवर फिरलो. दर तासाचे भाडे आणि त्यासाठी महिनाभर आधी करावे लागणारे आरक्षण पाहता, आता स्वतःची घ्यावी असे सर्वांनी मिळून ठरवले आहे. खर्चाची मर्यादा ठरलेली असल्यामुळे शेवटी दोनच पर्याय समोर उरले आहेत.

पहिला पर्याय सी-डू कंपनीच्या नव्या स्पार्कचा आहे. ती दोन जणांची असून इंजिन ९० अश्वशक्तीचे आहे, मात्र तिला ब्रेक आणि रिव्हर्स नाही. ट्रेलर, वाहतूक, दुकानातील तयारीचा खर्च आणि ६ टक्के कर धरून दुकानाने ९,४०० डॉलर सांगितले आहेत. दुसरा पर्याय २०१२ सालच्या यामाहा व्हीएक्स डिलक्सचा आहे. ती तीन जणांची, ११० अश्वशक्तीची आहे. मीटरवर १४६ तास दिसतात आणि विक्रेता ट्रेलरसह ५,३०० डॉलर मागतो आहे.

आमची गाडी रॅव्ह-४ हायब्रिड आहे आणि तिची ओढण्याची मर्यादा १,७५० पौंड आहे. मी गाडीचे ऑइल घरी बदलतो, त्यापलीकडे यंत्रांचा अनुभव नाही. चार हजार डॉलर वाचवून दहा-बारा वर्षांचे यंत्र घ्यावे, की थोडे लहान परंतु कोरे करकरीत यंत्र घेऊन निश्चिंत व्हावे, याविषयी ज्यांनी स्वतः जेटस्की वापरली आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

आनंदयात्री | ११ ऑगस्ट

माझे मत नव्याच्या बाजूने आहे. आम्ही टेक्सासमध्ये लेक लुइसव्हिलजवळ राहतो आणि माझ्याकडे स्पार्क आहे. ही जेटस्की २०१४ च्या मॉडेलवर्षात ४,९९९ डॉलरपासून बाजारात आली, तेव्हा नव्या यंत्रांच्या किमती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर चालल्या होत्या. वजन ४०० पौंडांच्या थोडे वर असल्यामुळे ती रॅम्पवरून पाण्यात सोडणे, काठावर फिरवणे आणि गॅरेजमध्ये हाताने वळवणे मला एकट्याला जमते. पेट्रोलही कमी लागते. ३० लिटरच्या टाकीत आमची सकाळ निघते.

किमतीतील फरकाकडे पाहताना, सुट्टीचा दिवस वाया जाण्याचीही काही किंमत असते, हे विसरू नका. मिशिगनचा उन्हाळा छोटा असतो. जुलैमध्ये यंत्र बंद पडले आणि दुरुस्तीच्या दुकानात तीन आठवड्यांची रांग असली, तर हंगामाचा मोठा भाग हातचा जातो. नव्या यंत्राला किमान पहिल्या वर्षाची वॉरंटी तरी असते.

यंत्रवेडा | १२ ऑगस्ट

मी ओहायोमध्ये असतो आणि गेली बारा-तेरा वर्षे स्वतःची व मित्रांची अशी यंत्रे दुरुस्त करतो. आनंदयात्री यांनी स्पार्कचे जे गुण सांगितले ते सर्व खरे आहेत, परंतु ते गुण कोणासाठी, हा प्रश्न आधी विचारायला हवा. तुमच्या घरात चार माणसे आहेत. दोन जणांच्या स्पार्कची वजन वाहण्याची मर्यादा ३५२ पौंड, म्हणजे सुमारे १६० किलो आहे. दोन मध्यम बांध्याची मोठी माणसे आणि पाण्याच्या बाटल्यांची पिशवी यांतच ती जवळजवळ संपते. मुलांना ट्यूबवर, म्हणजे हवा भरलेल्या तरंगत्या चकतीवर, बसवून ओढायचे असेल, आणि दहा वर्षांचा मुलगा ते मागणारच, तर चालक, मागे पाहणारा एक माणूस आणि ट्यूबवरच्या मुलाला परत वर घेण्यासाठी रिकामी जागा, असे तीन जणांचे आसन लागते. दोन जणांच्या यंत्रावर हे होत नाही.

व्हीएक्स सातशे पौंडांहून जड आहे, म्हणून ती लाटेवर कमी उसळते आणि उभ्या पाण्यात एका बाजूने वर चढताना कमी डोलते. टाकी साडेअठरा गॅलनची आहे. भरलेली टाकी आणि ट्रेलर धरूनही एकूण वजन बाराशे पौंडांच्या आसपास राहते, त्यामुळे तुमच्या गाडीची काळजी नाही. त्या पिढीतील १,०५२ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन सुपरचार्जरविना, म्हणजे जादा हवा दाबून भरणाऱ्या पंपाशिवाय, चालते आणि त्याच्या टिकाऊपणाविषयी माझे मत फार चांगले आहे. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी जी खराब झाली, ती बहुतेक हिवाळ्यात आत पाणी गोठल्यामुळे किंवा ऑइल न बदलल्यामुळे झाली.

जुनी घेताना तीन गटांपासून दूर राहावे. पहिला गट उत्पादन थांबलेल्या यंत्रांचा आहे. पोलारिसने २००४ साली आणि होंडाने २००९ च्या सुमारास ही यंत्रे बनवणे बंद केले. होंडाची अॅक्वाट्रॅक्स उत्तम यंत्र होते, पण भाग शोधण्यात वेळ जातो. दुसरा गट २००० च्या दशकातील सुपरचार्जर असलेल्या सी-डूंचा. त्यांच्या सुपरचार्जरमध्ये सिरॅमिकचे वॉशर होते, ते फुटले की तुकडे इंजिनात जातात, आणि म्हणून ठरावीक तासांनी सुपरचार्जर उघडून नव्याने बांधावा लागतो. मागील मालकाने ते केल्याची पावती नसेल तर तो खर्च तुमचा. तिसरा गट भाड्याने फिरवलेल्या यंत्रांचा, कारण त्यांना रोज नवशिका चालक मिळतो.

तुमची व्हीएक्स या तिन्हींत बसत नाही. पण ‘व्हीएक्स चांगली’ आणि ‘ही व्हीएक्स चांगली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट पाहिल्याशिवाय कळत नाही.

शब्दसखी | १२ ऑगस्ट

या विषयात मी अगदी नवखी आहे. १४६ तास म्हणजे जास्त की कमी? गाडीच्या मैलांसारखा काही अंदाज बांधता येतो का?

यंत्रवेडा | १२ ऑगस्ट

@शब्दसखी, आमच्याकडच्या तळ्यांवर एक कुटुंब हंगामात वीस ते तीस तास चालवते, असा माझा अनुभव आहे. त्या हिशेबाने बारा वर्षांत १४६ तास कमीच झाले. पण कमी तास नेहमीच चांगले नसतात. जे यंत्र चार-चार वर्षे पेट्रोल भरलेले तसेच उभे राहिले, त्याच्या इंधनमार्गात चिकट थर साचतो, रबरी नळ्या कडक होतात आणि बॅटरी तर गेलेलीच असते. दरवर्षी चाळीस तास चालवलेले आणि दर शरद ऋतूत नीट बंद करून ठेवलेले यंत्र मी आधी घेईन.

भाऊ_ट्रॉय | १३ ऑगस्ट

सरोवरप्रेमी, तुम्ही आमच्या शेजारचेच निघालात. मी २००८ साली १९९६ सालची दोन-स्ट्रोक जेटस्की नऊशे डॉलरला घेतली होती, त्याचा अनुभव सांगतो, कारण स्वस्त जुन्याचा मोह मला चांगला ठाऊक आहे. त्या काळच्या काही यंत्रांत राखाडी रंगाच्या इंधननळ्या असत. त्या आतून विरघळून हिरवा चिकट गाळ तयार होतो आणि तो कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत अडकतो. इंजिनाला पेट्रोल कमी पडते, तापमान वाढते आणि पिस्टन जळतो. हे मला पिस्टन जळाल्यावर कळले. पहिल्या उन्हाळ्यात मी चार वेळा पाण्यात उतरलो आणि दोन वेळा दुसऱ्याच्या बोटीने मला दोरीने ओढून काठाला आणले. नऊशेच्या यंत्रावर मी चौदाशे खर्च केले.

म्हणून माझा सल्ला असा की जुने घ्यायचे असेल तर चार-स्ट्रोकच घ्यावे. २००२ साली सी-डू, यामाहा आणि होंडा यांची चार-स्ट्रोक यंत्रे बाजारात आली. त्याआधीचे काहीही केवळ ज्यांना उघडझाक करण्यातच आनंद आहे त्यांनी घ्यावे. माझ्या मुलाला तो आनंद मिळाला आणि तो आज त्याच क्षेत्रात काम करतो, ही त्या नऊशे डॉलरांची एक चांगली बाजू.

मृण्मयी_जर्सी | १३ ऑगस्ट

किमतीची आणि इंजिनाची चर्चा चालू आहे, पण मला या दोन यंत्रांतील थांबण्याच्या फरकाविषयी लिहायचे आहे, कारण चौदा वर्षांची मुलगी ते चालवणार आहे.

जेटस्कीला सुकाणूचे पाते नसते. मागच्या नळीतून जोराने बाहेर पडणारे पाणी ज्या दिशेला वळते, तिच्या आधारानेच ती वळते. याचा अर्थ थ्रॉटल, म्हणजे हँडलवरचा वेग देणारा खटका, सोडला की वळण्याची शक्तीही जाते. समोर काही आले तर माणूस घाबरून हात सैल सोडतो, आणि यंत्र वेगाने सरळ त्याच दिशेला जात राहते. सर्व नवशिक्यांचे अपघात मला याच एका गोष्टीभोवती फिरताना दिसतात. सी-डूने २००९ साली ‘आयबीआर’ नावाची ब्रेक आणि रिव्हर्सची व्यवस्था आणली, यामाहाने २०१५ च्या मॉडेलांपासून ‘राइड’ आणली. तुम्हाला सांगितलेल्या स्पार्कमध्ये ती नाही. २०१२ च्या व्हीएक्समध्ये हाताने ओढायचा रिव्हर्स आहे, तो धक्क्याजवळ हळू सरकण्यासाठी उपयोगी आहे, पण वेगात असताना त्याचा ब्रेक म्हणून वापर करायचा नसतो. म्हणजे तुमच्या दोन्ही पर्यायांत खरा ब्रेक नाही. निर्णय कोणताही घ्या, परंतु पहिले दोन दिवस मोकळ्या पाण्यात, समोर तरंगती खूण ठेवून, थ्रॉटल न सोडता वळण्याचा सराव सर्वांनी करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. व्हीएक्स डिलक्सच्या रिमोटने इंजिनाची गती मर्यादित ठेवता येते. मुलगी शिकत असताना त्याचा फार उपयोग होईल.

मिशिगनच्या नियमांची भाऊंना अधिक माहिती असेल.

भाऊ_ट्रॉय | १३ ऑगस्ट

मृण्मयीताई, तुम्ही योग्य वेळी हा विषय काढलात. मिशिगनमध्ये ३१ डिसेंबर १९७८ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला जेटस्की चालवण्यासाठी बोटिंग सुरक्षेचे प्रमाणपत्र लागते, म्हणजे बहुधा सरोवरप्रेमी आणि वहिनींनाही. चौदाच्या आतील मुलांना चालवता येतच नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांकडे प्रमाणपत्र असले तरी पालक सोबत किंवा अगदी जवळ हवेत. सूर्यास्तापासून सकाळी आठपर्यंत जेटस्की चालवणे बेकायदा आहे. लाइफ जॅकेट सर्वांनी घालायचे आणि इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी. ती दोरी वापरणे १ एप्रिल २०२१ पासून केंद्रीय कायद्यानेही बंधनकारक झाले आहे.

जुने यंत्र बघायला जाल तेव्हा ही दोरी आहे का, आणि ती ओढल्यावर इंजिन ताबडतोब बंद पडते का, हेही पाहा.

तारकर्लीकर | १४ ऑगस्ट

मी सिंधुदुर्गात पर्यटकांना फिरवण्याच्या व्यवसायात आहे, त्यामुळे माझा अनुभव समुद्राचा आहे. गोड्या पाण्याला तो जसाच्या तसा लागू होणार नाही, तरीही एक मुद्दा उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

हंगामात आमच्याकडे एक यंत्र दिवसाला पाच-सहा तास चालते, म्हणजे तुमचा अख्खा उन्हाळा आमच्या एका आठवड्यात संपतो. एवढे चालूनही इंजिन आतून झिजल्यामुळे यंत्र गेले असे आम्ही क्वचित पाहतो. यंत्र जाते ते मिठामुळे. यामाहा आणि कावासाकी यांच्या यंत्रांत बाहेरचेच पाणी इंजिनाभोवती फिरून त्याला थंड करते. सी-डूमध्ये इंजिनासाठी वेगळे शीतकद्रव्य बंद नळ्यांतून फिरते आणि बाहेरचे पाणी फक्त धूर जाण्याच्या मार्गाला थंड करते. खाऱ्या पाण्यात हा फरक फार मोठा आहे. दोन्ही प्रकारांत संध्याकाळी गोड्या पाण्याने आतून धुणे चुकवता येत नाही, पण पहिल्या प्रकारात एक दिवस चुकला तरी त्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून समुद्रात चालवायचे असेल तर मी जुने यंत्र घेणार नाही, मग ते कितीही स्वस्त मिळो. तुम्ही तळ्यात चालवणार आहात, तेव्हा तुमच्यासाठी प्रश्न असा आहे की ते जुने यंत्र आयुष्यभर तळ्यातच होते का. मागील मालक फ्लोरिडाहून आला असेल तर आसन उचलून इंजिनाचे बोल्ट आणि अॅल्युमिनियमचे भाग पाहा. बोल्टांवर गंज आणि अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर ते यंत्र समुद्रात राहिलेले आहे असे समजावे.

आनंदयात्री | १४ ऑगस्ट

तारकर्लीकर यांचा प्रतिसाद वाचून खूप शिकायला मिळाले. यंत्रवेडा यांचा आसनांचा मुद्दाही मला मान्य आहे. आम्ही दोघेच असल्यामुळे तो माझ्या मनात आला नव्हता. पण एक विचारतो. स्पार्क तीन जणांचीही मिळते, तिची मर्यादा ४५० पौंड आहे, आणि ब्रेकसह घेतली तर मृण्मयी यांची शंकाही मिटते. मग जुन्याकडे जायचेच कशाला?

यंत्रवेडा | १५ ऑगस्ट

जरूर घ्यावी, पण मग किंमत ९,४०० राहत नाही. ब्रेक, तिसरे आसन, पुढचा सामानाचा कप्पा, पाण्यातून वर चढायची पायरी, असे एकेक जोडत गेले की स्वस्त यंत्राचा स्वस्तपणा कमी होत जातो. आणि त्या किमतीला चार-पाच वर्षांची वापरलेली, ब्रेक असलेली मोठी यंत्रे मिळू लागतात.

स्पार्कविषयी आणखी दोन गोष्टी लिहितो. तिचा हल, म्हणजे पाण्यात राहणारा खालचा भाग, काचतंतू मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा आहे. त्यामुळेच ती हलकी आणि स्वस्त झाली, आणि लहानसहान आपट्यांना तो प्लास्टिक चांगला तोंड देतो. पण तडा गेलाच तर फायबरग्लाससारखे रेझिन आणि कापड लावून घरी बुजवता येत नाही, प्लास्टिक वेल्डिंग करणारा माणूस शोधावा लागतो. दुसरे असे की इंजिनापर्यंत हात पोहोचवायला जागा कमी आहे, त्यामुळे काही कामांसाठी वरचा भाग पूर्ण उतरवावा लागतो. जो माणूस घरी ऑइल बदलू इच्छितो त्याला मोठ्या यंत्राचे इंजिन अधिक सोयीचे वाटते. जेटस्कीचे ऑइल गाडीसारखे खालून सोडता येत नाही, मापनपट्टीच्या नळीतून पंपाने वर ओढून काढावे लागते. हे शिकायला एक दुपार पुरते.

सरोवरप्रेमी | १५ ऑगस्ट

सर्वांचे मनापासून आभार. आसनांचा आणि ब्रेकचा विचार मी इतक्या खोलात केला नव्हता. शनिवारी ती व्हीएक्स पाहायला जात आहे. यंत्रवेडा, मी काय तपासावे ते क्रमाने लिहाल का? सोबत नेण्याजोगे यंत्रज्ञान असलेले कोणी ओळखीचे नाही.

यंत्रवेडा | १५ ऑगस्ट

विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन थंडच ठेवा, मी आल्यावर सुरू करू. आधी तापवून ठेवलेले इंजिन सहज सुरू होते आणि त्यातून काही कळत नाही. ऑइलची पट्टी बाहेर काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, तिथूनच परत फिरा. त्यानंतर स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतील दाब, मोजा. मोजणारे उपकरण वाहनांचे भाग विकणारी बरीच दुकाने अनामत घेऊन देतात. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का, याला महत्त्व आहे.

मग मागे जाऊन बॅटरीच्या उजेडात पंपाच्या आत पाहा. इम्पेलरच्या, म्हणजे पाणी मागे फेकणाऱ्या पंख्याच्या, पात्यांच्या कडा वाकलेल्या किंवा खाचा पडलेल्या असतील तर यंत्र वाळू-दगडांवरून ओढले गेले आहे. पाती आणि भोवतालचे कडे यांतील फट वाढली असेल तर इंजिन नुसते ओरडते आणि वेग येत नाही. सी-डूमध्ये हे कडे प्लास्टिकचे, मुद्दाम झिजण्यासाठी केलेले आणि बदलायला स्वस्त असते. यामाहात धातूचे असते, म्हणून तिथे ओरखडे असतील तर किंमत कमी करून मागा.

तळाखाली पाठीवर झोपून संपूर्ण हल पाहा. ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग हाताने फिरवून आवाज ऐका, कारण रस्त्याच्या कडेला अडकवणारी गोष्ट बहुधा तीच असते. आणि शेवटी पाण्यात चालवून पाहिल्याशिवाय एकही डॉलर देऊ नका. तास खरे आहेत का याची शंका असेल तर यामाहाच्या दुकानात निदानाचा संगणक जोडून एकूण तास आणि कोणत्या गतीला किती तास चालले याची नोंद छापून मिळते. थोडे पैसे घेतात, पण ते सत्कारणी लागतात.

मृण्मयी_जर्सी | १६ ऑगस्ट

कागदांचेही पाहा. मागच्या बाजूला हलवर बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक कोरलेला असतो. त्यातील शेवटचे दोन अंक मॉडेलवर्ष सांगतात. तो टायटलवरील, म्हणजे मालकीच्या कागदावरील, क्रमांकाशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे आणि टायटल विक्रेत्याच्याच नावावर हवे. ट्रेलरचे कागद वेगळे असतात, ते बहुतेक जण विसरतात.

सरोवरप्रेमी | १८ ऑगस्ट

पाहून आलो, आणि घेतली नाही. यंत्र दिसायला अतिशय सुंदर होते, पण पोहोचलो तेव्हा इंजिन गरम होते. प्लग काढू द्यायला विक्रेत्याने नकार दिला. टायटल त्याच्या आधीच्या मालकाच्या नावावर होते आणि तो ‘आता राज्याबाहेर असतो’ असे सांगण्यात आले. मुलगी आसनावर बसूनही झाली होती, त्यामुळे तिथून निघताना वाईट वाटले. या धाग्यावर विचारले नसते तर मी पैसे देऊन आलो असतो, हे मात्र नक्की.

भाऊ_ट्रॉय | १८ ऑगस्ट

योग्य निर्णय घेतलात. मिशिगनमध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या अमेरिकी कामगार दिनानंतर, त्या महिन्याच्या मध्यापासून, लोक हिवाळ्यातील साठवणुकीचा खर्च टाळण्यासाठी विकायला काढतात. एक महिना थांबा. खाजगी व्यवहारातही नोंदणीच्या वेळी ६ टक्के कर भरावा लागतो, तो हिशेबात धरा.

अनुजा_के | १९ ऑगस्ट

सर्व प्रतिसाद वाचले. आम्ही तुमच्यासारखेच चौघे आहोत आणि आम्ही मधला मार्ग निवडला होता, म्हणून लिहिते. यामाहाची ईएक्स मालिका २०१७ पासून आहे. तीन जणांचे आसन, फायबरचा हल, १,०४९ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन. आम्ही तिचे तीन वर्षे वापरलेले, ‘राइड’ ब्रेक असलेले डिलक्स मॉडेल घेतले. नव्यापेक्षा स्वस्त पडले आणि फार जुनेही नव्हते. एकच सांगायचे आहे. तीन जण बसले की ती जड व्हीएक्सइतकी स्थिर वाटत नाही, आणि माझी सासूबाईंना बसवण्याची इच्छा त्यामुळे अपुरी राहिली. तळे शांत असेल तर काहीच अडचण येत नाही. लेक सेंट क्लेअरसारख्या मोठ्या, वाऱ्याच्या पाण्यावर जायचे असेल तर वजनाचा विचार करा.

आनंदयात्री | १९ ऑगस्ट

अनुजाताई, वाऱ्याचे तुम्ही अगदी बरोबर सांगितलेत. लुइसव्हिलवर दुपारी दक्षिणेचा वारा सुटला की माझी स्पार्क लाटेलाटेवर आपटते आणि आम्ही अकराच्या आत परततो. ज्यांना उड्या मारत खेळायचे आहे त्यांना ती आवडेल. कुटुंबाला घेऊन दूर फिरायचे असेल तर मी आता मोठ्या यंत्राचीच शिफारस करीन.

सरोवरप्रेमी | ६ ऑक्टोबर

उशिरा लिहितो आहे, पण बातमी आनंदाची आहे. काल २०१४ सालची व्हीएक्स डिलक्स घरी आली. उत्तरेकडील एका तळ्याकाठी राहणाऱ्या वृद्ध दांपत्याची होती, गुडघ्यांमुळे त्यांना आता बसवत नाही. ट्रेलर आणि चार लाइफ जॅकेटांसह ६,१०० डॉलर दिले. इंजिन थंड होते, चारही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आले आणि दुकानातून काढलेल्या नोंदीत ११८ तास निघाले, तेही बहुतेक मध्यम गतीचे. काकांनी दरवर्षीच्या ऑइलबदलाची तारीख एका वहीत लिहून ठेवली होती आणि ती वही त्यांनी मुलीच्या हातात दिली. त्यांच्या समोर आम्ही तळ्यावर एक फेरी मारली तेव्हा काकू धक्क्यावर उभ्या राहून हात हलवत होत्या. तो क्षण आम्ही विसरणार नाही.

आम्हा दोघांची आणि मुलीची प्रमाणपत्र परीक्षाही झाली. आता हिवाळा तोंडावर आहे. यंत्रवेडा, बंद करून ठेवताना काय करावे ते सांगाल का? काकांच्या वहीत थोडे आहे, पण सगळे कळत नाही.

यंत्रवेडा | ७ ऑक्टोबर

मनापासून अभिनंदन. ती वही यंत्राइतकीच जपून ठेवा.

या इंजिनात तळ्याचे पाणी फिरते, त्यामुळे आत राहिलेले पाणी गोठू न देणे हे मुख्य काम. टाकी भरून त्यात पेट्रोल टिकवणारे द्रावण घाला आणि पाण्याची नळी जोडून इंजिन काही मिनिटे चालवा, म्हणजे ते मिश्रण पुढपर्यंत पोहोचेल. क्रम पाठ करून ठेवा: आधी इंजिन सुरू करायचे, मग नळ सोडायचा. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलट केले तर पाणी सिलिंडरमध्ये शिरू शकते. नळ बंद केल्यावर दोन-तीन वेळा थ्रॉटल थोडा दाबून आतले पाणी बाहेर उडवा, पण कोरडे इंजिन पंधरा सेकंदांहून जास्त चालवू नका. त्यानंतर नौका-कॅम्परसाठी मिळणारे गुलाबी, बिनविषारी अँटिफ्रीझ त्याच नळीतून, पुन्हा याच क्रमाने, मागून रंग दिसेपर्यंत सोडा. ऑइल आताच बदला, वसंतात नाही, कारण वापरलेल्या ऑइलमधील आम्ल हिवाळाभर आत राहते.

बॅटरी काढून घरात चार्जरवर ठेवा. आसन किंचित उचलून हवा खेळती ठेवा, आणि हवेच्या व धुराच्या मार्गाला कापड लावून बंद करा, नाही तर उंदीर घर करतात. कापड लावल्याची चिठ्ठी हँडलला बांधा. मागचे दोन्ही निचऱ्याचे बूच उघडून त्याच चिठ्ठीसोबत बांधून ठेवा, म्हणजे मे महिन्यात पाण्यात सोडण्यापूर्वी ते हातात येतील.

सरोवरप्रेमी | ७ ऑक्टोबर

चिठ्ठी मुलगी लिहिते आहे. येत्या शनिवारी सगळे करतो आणि काही अडले तर इथेच विचारतो.